रक्तदाब का वाढतो? कारणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"बीपी निघालं" असं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कशामुळे?" उत्तरही बहुधा घरातच तयार असतं: टेन्शन. खरी कारणं मात्र स्वयंपाकघरात, औषधांच्या डब्यात, झोपेत आणि कधीकधी मूत्रपिंडाच्या धमनीत असतात. ती कशी ओळखायची, त्यासाठी हे पान आहे.

किती आकड्याला रक्तदाब वाढला म्हणायचं?

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर उच्च रक्तदाब. दोन्ही आकडे वाढलेले असायला हवेत असं नाही. १५२/८२ हाही उच्च रक्तदाब आणि १३४/९६ हाही. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. घरी मोजलेले आकडे थोडे कमी येतात, म्हणून घरच्या सरासरीसाठी मर्यादा १३५/८५ धरतात. अमेरिकेने २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अजून १४०/९० च मानतात, पण १३० च्या पुढे गेलेल्याने जेवणखाण आणि वजन तेव्हाच मनावर घ्यावं.

डॉक्टर म्हणाले, "तसं कारण काही नाही." कारण नसताना आजार कसा होईल?

डॉक्टरांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की बोट ठेवून दाखवता येईल असा एकच आजार सापडला नाही. उच्च रक्तदाबाच्या दर शंभरातल्या नव्वद ते पंचाण्णव जणांचं असंच असतं. याला प्राथमिक उच्च रक्तदाब म्हणतात. उरलेल्या पाच-दहा जणांत मागे दुसरा आजार किंवा एखादं औषध असतं. तो दुय्यम.

प्राथमिक प्रकारात कारणं नसतात असं नाही, ती पुष्कळ असतात आणि त्यांची बेरीज होते. आईकडून आलेला कल, त्यावर रोजचं आठ-नऊ ग्रॅम मीठ, त्यावर सुटलेलं पोट, त्यावर गुडघ्यासाठी सहा महिने घेतलेली गोळी. यातली प्रत्येक गोष्ट काही अंकांची भर घालते आणि आकडा १४० च्या पुढे जातो. म्हणून "माझं कारण कोणतं?" यापेक्षा "माझ्या बेरजेत काय काय आहे आणि त्यातलं काय वजा होऊ शकतं?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

शरीरात नेमकं काय होऊन दाब वाढतो?

तीन गोष्टी दाब ठरवतात: रक्तवाहिन्यांत फिरणारं द्रव किती, हृदय ते किती जोराने ढकलतं आणि बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत. या तिन्हींवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्याचं मुख्य काम मूत्रपिंडांकडे आहे. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड जास्त मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकतं, दाब खाली येतो. उच्च रक्तदाबात हे गणित सरकतं. तेवढंच मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला आता जास्त दाब लागतो आणि शरीर तो जास्त दाबच कायम ठेवतं. पुढची बहुतेक कारणं या एका जागी येऊन मिळतात.

मीठ खरंच इतकं महत्त्वाचं आहे? आम्ही तर वरून घेतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा छोटा चमचा सपाट भरून, तोही पुरता नाही. त्यात भाजी, आमटी, भाकरी, चटणी, बाहेरचं खाणं, सगळं आलं. भारतात सरासरी सुमारे ८ ग्रॅम खाल्लं जातं.

घरात किती मीठ जातं हे मोजायला सोपी युक्ती आहे. मिठाची नवी एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दिवस मोजा. चार जणांच्या घरात माणशी ५ ग्रॅम म्हणजे रोज २० ग्रॅम, म्हणजे किलोभर मीठ ५० दिवस पुरायला हवं. ते ३० दिवसांत संपलं, तर रोज ३३ ग्रॅम झालं, माणशी आठ ग्रॅमच्या वर. लोणच्यासाठी किंवा भांडी घासायला त्याच पिशवीतलं वापरलं असेल तर तेवढं वजा करा. आणि मग बाहेरचं मिळवा, कारण वडापाव, फरसाण, बिस्किटं, पाव यांतलं मीठ या पिशवीतलं नसतं.

वरून मीठ न घेणाऱ्यांच्या ताटात ते येतं कुठून? कैरीच्या लोणच्यात टिकण्यासाठी वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त मीठ घालावं लागतं. पंधरा ग्रॅम लोणचं खारासकट खाल्लं की दीड-दोन ग्रॅम मीठ पोटात गेलं, दिवसाच्या कोट्यातला तिसरा हिस्सा. पापडात मीठ असतं आणि शिवाय पापडखार, तोही सोडियमच. कुरडया, सांडगे, ताकातल्या मिरच्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा यांचंही तेच. पाव खारट लागत नाही, तरी दोन पावांत पाऊण ते एक ग्रॅम मीठ असतं. मिसळीबरोबर दोन पाव खाल्ले, वर शेव-फरसाण आलं, की एका बशीत अर्ध्या दिवसाचं मीठ सहज होतं.

सुक्या मासळीत फरक करा. बोंबील बरेचदा नुसते उन्हात वाळवतात. खारा बांगडा किंवा खारवलेली सुरमई मिठात मुरलेली असते आणि धुतल्यानेही ते सगळं जात नाही.

खायचा सोडा विसरला जातो. चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, जवळजवळ तीन ग्रॅम मिठाइतकं. ढोकळ्यात तो पाच-सहा जणांत वाटला जातो. अॅसिडिटीवर रोज सोडा किंवा फसफसणारी पूड पिणाऱ्याच्या पोटात मात्र तो सगळा एकट्याच्या जातो.

पाकिटावर "सोडियम" असं लिहिलेलं असतं, मीठ नव्हे. त्या आकड्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

कमी करताना एकदम अळणी करू नका, कुणीच टिकत नाही. कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद करा, त्याची चव भाजी-आमटीबरोबर कळतही नाही. मग आमटीतलं पाव हिश्श्याने कमी करा आणि लिंबू, कोकम, चिंच, आलं, लसूण, ओलं खोबरं वाढवा. काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते आणि पूर्वीची आमटी खारट लागू लागते.

सैंधव खाल्लं तर चालेल ना? ते उपवासालाही चालतं.

रक्तदाबाच्या हिशेबाने सैंधव, काळं मीठ आणि साधं मीठ जवळपास सारखंच. तिन्हींत मुख्य घटक सोडियम क्लोराईडच. सैंधव "सौम्य" लागतं म्हणून जास्त घातलं जातं, आणि बरेचदा त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, चिवडा असं खाल्लं तर त्या दिवशी मीठ एरवीपेक्षा जास्तही होतं.

"कमी सोडियमचं मीठ" वेगळं. त्यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. फायदा खरा आहे. पण ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चाललंय का ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा जे एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तसं होण्याआधी काही जाणवेलच असं नाही. एका घरात एक सासरे मूत्रपिंडाचे रुग्ण आणि सगळ्यांना एकच मिठाचा डबा, असं असेल तर हे मीठ घरात आणूच नका.

फक्त मीठ कमी केलं की झालं?

सोडियमच्या दुसऱ्या पारड्यात पोटॅशियम असतं आणि ते ताटात कमी पडणं हेही कारणच. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, बटाटा, रताळं, केळी, ताक, शहाळं यांतून ते मिळतं. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं. प्रौढाची रोजची गरज साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पालेभाजी उकडून पाणी फेकून दिलं तर पोटॅशियमचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला इथेही वरचाच इशारा लागू.

आई-वडील दोघांनाही बीपी आहे. मला होणारच का?

शक्यता बरीच वाढते, खात्री नाही. वारशाने येतो तो कल: मीठ धरून ठेवणारी मूत्रपिंडं, लवकर ताठर होणाऱ्या धमन्या. आणि त्याच घरात त्याच मिठाची आमटी, तीच बसून राहण्याची सवयही येते, ती जनुकांतून येत नाही. अशा घरातल्या मुलांनी अठराव्या वर्षापासून वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावं. चाळिशीची वाट पाहू नये.

वय झालं की बीपी वाढतंच, मग एवढं काय?

वयाबरोबर मोठ्या धमन्यांची लवचिकता जाते. म्हणून साठीनंतर वरचा आकडा चढतो आणि खालचा उलट उतरतो. १६४/७२ असा आकडा पाहून "खालचा छान आहे" असं समाधान मानतात, पण पक्षाघाताचा धोका त्या वरच्या आकड्यात आहे.

आणि वयाबरोबर वाढणं अटळही नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक लोकांचं मीठ आणि रक्तदाब तपासला होता. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा सरासरी रक्तदाब शंभराच्या खाली होता आणि वयाबरोबर वाढत नव्हता. त्यांचं जगणं इतर बाबतींतही वेगळं आहे, पण "वय झालं, चालायचंच" हे वाक्य त्यामुळे खोडलं जातं.

वजनाचा संबंध किती? मी काही फार जाड नाही.

वजनकाट्यापेक्षा टेप आणा. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर, पोट न ओढता मोजा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की धोका सुरू होतो. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. त्या पोटातली चरबी मूत्रपिंडांवर दाब टाकते, शरीराला मीठ धरून ठेवायला लावणारी संप्रेरकं वाढवते आणि धमन्या आवळणाऱ्या नसा सतत जाग्या ठेवते. एक किलो वजन उतरलं की साधारण एक अंक दाब उतरतो. आठवड्यात दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाललं, तर वजन फार न हलताही आकडा पाच-सहा अंकांनी खाली येऊ शकतो.

टेन्शनमुळे बीपी होतं का?

भांडण, परीक्षा, हप्ता, अपघात यांनी दाब त्या वेळी नक्की चढतो, तीस-चाळीस अंकही. पण तो परत उतरतो. वर्षानुवर्षांच्या ताणाचा वाटा आहे, तो बराचसा झोप मोडणं, तंबाखू-दारू वाढणं, चालणं बंद पडणं या मार्गाने येतो. "टेन्शन गेलं की बीपी जाईल" असं धरून गोळी टाळण्यात वर्षं जातात आणि तेवढ्यात हृदयाची भिंत जाड होते. मन शांत करायचे उपाय जरूर करा, पण इतर कारणं तपासणं त्यासाठी थांबवू नका.

कोणत्या औषधांनी रक्तदाब वाढतो?

हे कारण सर्वात जास्त निसटतं, कारण डॉक्टरांनी विचारलं तरी माणूस "बाकी काही गोळ्या नाहीत" म्हणतो. गुडघ्याची गोळी, सर्दीची गोळी, पाळीची गोळी यांना कुणी औषध मानत नाही.

पहिला नंबर वेदनाशामकांचा. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकू देत नाहीत. सरासरीने तीन ते पाच अंक वाढतात, काहींत त्याहून बरेच जास्त. शिवाय त्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतात. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, त्यासोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर वेदनाशामक, हे तिघं एकत्र आले की मूत्रपिंड अचानक कोलमडू शकतं, विशेषतः उन्हाळ्यात किंवा जुलाब लागलेले असताना. पॅरासिटामॉल तुलनेने बरी, तरी रोज पूर्ण मात्रेत महिनोन्‌महिने घेतली तर तीही थोडा दाब वाढवते. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळीत सोडियम वेगळं.

सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि बाकीच्या शरीरातल्याही. नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्‌महिने वापरणाऱ्यांनीही ते डॉक्टरांना सांगावं.

गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे काही स्त्रियांचा दाब वाढतो. गोळी सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी मोजायला हवा. आधीच उच्च रक्तदाब असेल तर इस्ट्रोजेन नसलेला पर्याय डॉक्टर देतात.

स्टेरॉइड: दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी लिहून दिलेली प्रेडनिसोलोन तर आहेच. "दोन दिवसांत सांधे मोकळे" अशी बिननावाची पुडी मिळते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार होतात. पुडीने भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि बीपी चढलं, तर संशय घ्या. पण महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकदम बंदही करू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड अचानक तुटलं तर शरीर कोसळू शकतं. व्यायामशाळेत शरीर फुगवायला घेतलेली इंजेक्शनं याच रांगेतली.

नैराश्यावरची काही औषधं, प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्त वाढवायला देतात ते इंजेक्शन, हीही दाब वाढवतात. ती आपणहून थांबवायची नसतात, डॉक्टरांना कळवायचं असतं.

ज्येष्ठमध तर झाडपाल्याचं. त्यानेही?

हो, आणि हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर अडवतं. मग शरीरातलं कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं. सोडियम साठतं, पोटॅशियम लघवीतून जातं, दाब चढतो, पाय गळून गेल्यासारखे होतात. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळल्याने बिघडत नाही. रोज काढा, चहा, चूर्ण यांतून आठवडेच्या आठवडे घेतलं तर होतं, आणि बंद केल्यावर उतरायला एक-दोन आठवडे लागू शकतात. काढ्यात ज्येष्ठमध आहे का, ते घटकांच्या यादीत पाहा.

रात्री घोरतो. त्याचा बीपीशी काय संबंध?

नुसत्या घोरण्याचा फारसा नाही. घोरता घोरता श्वास थांबतो, दहा-वीस सेकंद शांतता, मग मोठा फुत्कार आणि कूस बदलणं, हे असेल तर फार जवळचा संबंध आहे. दर वेळी ऑक्सिजन उतरतो आणि शरीर धोक्याची घंटा वाजवून धमन्या आवळतं. रात्रभर हे चाललं की दिवसाही दाब उतरत नाही. हे ज्याचं त्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड, रात्री लघवीला तीन-चारदा उठणं, दुपारी टीव्हीसमोर किंवा गाडी चालवताना डुलकी, शर्टाची कॉलर १७ इंचांच्या पुढे: यातलं बरंच जुळत असेल तर झोपेची तपासणी मागून घ्या. तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी इथे सापडण्याची शक्यता चांगली असते.

तंबाखू, मिश्री, दारू, चहा?

निकोटीनने दाब लगेच चढतो. तंबाखूची गोळी गालात धरून बसणाऱ्याला ते तास-तास मिळत राहतं. मिश्री दात घासायला म्हणून दिवसातून तीन-चारदा लावणाऱ्या बायका "मला कसलं व्यसन नाही" असं मनापासून सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटीन तेच. डॉक्टरांना सांगताना हे लपवण्यासारखं काही नाही.

दारू जितकी नेमाने आणि जास्त, तितका दाब वर. देशी, विदेशी, बिअर, वाइन यांत या बाबतीत भेद नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा उतरलेला दिसतो. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम तोडल्यास थरकाप आणि झटके येऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

चहा-कॉफी नेहमी पिणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. मोजण्यापूर्वी अर्धा तास घेऊ नका, एवढं पुरे.

वय तीसच्या आत आहे आणि १६०/१०० निघालं. काय तपासायचं?

इथे दुय्यम कारण नेटाने शोधायला हवं. ते सापडलं तर काही वेळा बीपी कायमचं जातं. असाच शोध घ्यावा असे आणखी प्रसंग: आजवर ठीक असलेलं बीपी अचानक चढलं, किंवा तीन औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही उतरत नाही.

सर्वात जास्त आढळतात ते मूत्रपिंडाचे आजार. लघवीला फेस, पायांवर आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज ही खूण, पण बरेचदा खूण नसतेच. म्हणून लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन पहिल्याच दिवशी तपासायचं. मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली तरी मूत्रपिंडाला वाटतं रक्त कमी पडतंय, आणि ते दाब वाढवायला लागतं. तरुण मुलींत याचं एक कारण टाकायासू नावाचा धमन्यांचा दाह. एका हाताची नाडी क्षीण लागते, दोन हातांच्या आकड्यांत मोठी तफावत येते. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजावं ते यासाठीही.

अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते. ती अल्डोस्टेरॉन जास्त बनवू लागली की शरीर मीठ धरून ठेवतं. अमेरिकेतले डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. तो दुर्मिळ समजला जाई. आता तो वाटत होता त्यापेक्षा बराच जास्त आढळतो असं मानतात. पोटॅशियम कमी असणं ही त्याची खूण, पण ते नॉर्मल असलं म्हणजे आजार नाही असं होत नाही. अल्डोस्टेरॉन आणि मूत्रपिंडातून येणारं रेनिन यांच्या गुणोत्तराची रक्ततपासणी करावी लागते.

याच ग्रंथीच्या एका दुर्मिळ गाठीत झटके येतात: डोकं फुटेल असं दुखणं, दरदरून घाम, छातीत धडधड, आणि त्या वेळी मोजलं तर आकडा प्रचंड. थायरॉइड कमी असेल तर मुख्यतः खालचा आकडा चढतो, जास्त असेल तर वरचा. शाळकरी मुलाच्या हातात दाब जास्त आणि मांडीच्या सांध्यातली नाडी क्षीण असेल तर महाधमनी जन्मतः अरुंद असण्याचा संशय घेतात.

गरोदरपणात बीपी वाढलं. बाळंतपणानंतर जाईल ना?

विसाव्या आठवड्यानंतर नव्याने १४०/९० किंवा जास्त झालं, तर मूळ कारण बहुधा वारेच्या रक्तवाहिन्या नीट न रुजण्यात असतं. त्यासोबत लघवीत प्रथिन आलं किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट बिघडले, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगड्यांखाली पोटदुखी, चेहऱ्यावर अचानक सूज, किंवा १६०/११० चा आकडा: त्याच तासाला रुग्णालय गाठा, उद्याच्या तपासणीची वाट पाहू नका. बहुतेकींचं बीपी बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरतं. पण बाळंतपणानंतरचे पहिले दिवसही धोक्याचेच, आणि अशा बाईला पुढे आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याची शक्यता जास्त राहते. तिचं दर वर्षी मोजलं जायला हवं. बाळाच्या लसीच्या तारखा लक्षात ठेवणाऱ्या घराने हीही तारीख ठेवावी.

दवाखान्यात १६०, घरी १२८. खरं कोणतं?

घरचं नीट मोजलं असेल तर घरचं जास्त विश्वासाचं. डॉक्टरांसमोर धास्तीने वाढणारे बरेच असतात. उलट प्रकारही आहे, दवाखान्यात बरोबर आणि घरी जास्त, आणि तो निसटतो म्हणून जास्त घातक.

चुकीच्या मोजण्याने आकडा किती फुगतो ते पाहा. लघवी तुंबलेली असेल तर दहा-पंधरा, मोजताना बोललं तर सुमारे दहा, हात लोंबकळता ठेवला तर तेवढाच, पायावर पाय टाकला तर दोन ते आठ. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आणखी. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा मागून घ्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळीच्या दोन बोटं वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग बीपी असेल कसं?

बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणूनच हा आजार डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांना वर्षानुवर्षं पोखरतो. "वाढलं की मला कळतं" हा भरवसा सोडा, यंत्र बांधल्याशिवाय कळत नाही.

गोळी चालू असून बीपी वाढतंय. गोळी "सवयीची" झाली का?

रक्तदाबाच्या गोळीची सवय होऊन ती निकामी होत नाही. आधी रिकामी पाकिटं मोजा. महिन्यात सहा गोळ्या उरल्या असतील तर कारण तेच. मग लग्नसराईतलं, दिवाळीतलं खाणं, नवी वेदनाशामक गोळी, वाढलेलं वजन, मोजण्यातली चूक. थंडीत आकडा सगळ्यांचाच थोडा चढतो. एवढं पाहून झाल्यावर औषध वाढवायची गोष्ट. क्लोनिडिनसारखी काही औषधं अचानक थांबवली तर दाब उसळून आधीपेक्षा वर जातो.

आकडा १८०/१२० दिसला. आता?

पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, दिसायचं कमी होणं, भ्रम, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि वाट पाहू नका. काहीच त्रास नसेल, तर राहिलेली गोळी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जिभेखाली कॅप्सूल फोडून दाब झटकन उतरवण्याची जुनी पद्धत करू नका. दाब अचानक कोसळला की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

कारण सापडलं आणि काढलं, तर गोळी सुटेल का?

वेदनाशामक, ज्येष्ठमध, गर्भनिरोधक गोळी किंवा एखादी ग्रंथी, असं ठळक कारण असेल तर सुटू शकते. प्राथमिक प्रकारात मीठ, वजन, चालणं, दारू या चौघांवर काम करून गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. पण ते डॉक्टरांनी आकडे पाहून ठरवायचं. १२० आला म्हणून आपणहून बंद केली तर चुकतं, कारण तो १२० गोळीमुळे आलेला असतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

घरचे सात दिवसांचे आकडे वेळेसकट कागदावर. एक पिशवी, तिच्यात घरात तुम्ही जे जे घेता ते सगळं: गोळ्यांची पाकिटं, काढ्याची बाटली, चूर्ण, नाकाचे थेंब, पुडी, मिश्रीचा डबासुद्धा. मिठाच्या पिशवीवरच्या दोन तारखा. आणि शक्य असेल तर रात्री शेजारी झोपणारं माणूस. गोळ्यांची नावं सांगता येत नाहीत म्हणून संकोच करू नका, पिशवी टेबलावर उलटी करा आणि प्रत्येक वस्तू किती दिवसांपासून चालू आहे तेवढं सांगा.